पंपाची गाडी की सेन्सरची गाडी? बदलत्या डिझेलच्या काळातला एक सौदा

"मिस्त्री, नवं डिझेल जुना पंप खातं म्हणतात. मग जुनी गाडी घेऊ की नको?"

विचारणारे गृहस्थ एकाच ट्रकचे मालक, आणि तो चालवणारेही तेच. ट्रकवर छोटी हायड्रॉलिक क्रेन. बांधकामांवर जायचं, लोखंडाचे भारे, शटरिंगच्या प्लेटा, जनरेटर असलं जड सामान उचलून जागेवर ठेवायचं, असा धंदा. आधीच्या गाडीची चासी गंजून वाकली होती, क्रेन मात्र ठणठणीत होती. तीच क्रेन चढवायला दुसरी गाडी हवी होती आणि दोन गाड्या पसंतीला आल्या होत्या.

पहिली नव्वदच्या दशकाच्या मध्यातली. सहा सिलिंडर, टर्बो, इंजिनाला दाबानं डिझेल पुरवणारा रोटरी पंप आणि ते फवारणारे साधे नोझल. वायर म्हणाल तर पंप बंद करणाऱ्या सोलेनॉइडची तेवढी एक. दुसरी आठ वर्षं वापरलेली: कॉमन रेल (कॉम्प्युटरच्या हुकमावर जास्त दाबानं डिझेल फवारणारी यंत्रणा), ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारं), धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर आणि त्यामागे धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करणारं, युरियावर चालणारं एससीआर. आमच्या भाषेत एक पंपाची गाडी आणि एक सेन्सरची गाडी.

माझा धंदा पंप-नोझलचा. पंप दुरुस्त करणाऱ्यानं पंपाच्या गाडीकडे कौल दिला तर ऐकणाऱ्यानं थोडा संशय धरावा, हे मीच त्यांना आधी सांगितलं. म्हणून मत द्यायच्या आधी मी त्यांच्याकडे एक वही मागितली. चौदा दिवस लिहायचं: गाडी किती वाजता सुरू केली, कुठवर गेली, जागेवर उभी राहून क्रेन किती वेळ चालली, बंद कधी केली. त्यांची आधीची गाडी अजून कशीबशी चालत होती, म्हणून हे जमलं. ते जरा चिडलेच. "विचारलं डिझेलचं, आणि तुम्ही मागताय हजेरी."

वही भरेपर्यंत डिझेलचं बघून घेऊ.

त्यांची भीती हवेतली नव्हती. डिझेलमधलं गंधक जगभर टप्प्याटप्प्यानं उतरवलं गेलं. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी १९९३ साली मर्यादा ५०० पीपीएमवर (दहा लाख भागांत ५०० भाग) आणली, २००६ पासून १५ वर. युरोपात २००५ साली ५० आणि २००९ साली १०. भारतात २०१७ मध्ये देशभर ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून १०. स्वीडननं तर सगळ्यांच्या आधी, १९९१ मध्येच, जवळजवळ गंधकमुक्त डिझेल बाजारात आणलं होतं, आणि तिथे रोटरी पंप झिजल्याच्या तक्रारी खरोखरच आल्या.

पण त्यातून लोकांनी धडा घेतला तो अर्धाच. गंधक म्हणजे वंगण, असं नसतं. रिफायनरीत हायड्रोजनच्या मदतीनं गंधक काढताना त्याच्या सोबतीनं ऑक्सिजन आणि नायट्रोजन असलेली काही संयुगंही निघून जातात. धातूच्या पृष्ठभागाला चिकटून पातळ थर धरणारी ती हीच. ती गेली की डिझेल कोरडं पडतं. रोटरी पंपाच्या आत इंजिन ऑइल नसतं. आतला प्रत्येक भाग डिझेलवरच फिरतो, म्हणून पहिला मार त्याला बसला. मोठ्या इनलाइन पंपाचा (दर सिलिंडरला एक दट्ट्या, असे ओळीत असलेला) खालचा कॅम बहुधा इंजिनच्या ऑइलवर चालतो, त्यामुळे तो बराच बचावला. "जुना पंप" म्हणून दोघांना एकाच मापानं मोजणं हीच पहिली चूक.

पुढचा भाग सांगायचा राहून जातो. तक्रारी आल्यावर डिझेलच्या मानकात वंगणाची चाचणी घातली गेली. सहा मिलिमीटरची पोलादी गोळी ६० अंश सेल्सिअसच्या डिझेलमध्ये बुडवून पोलादी चकतीवर ७५ मिनिटं घासायची, आणि गोळीवर पडलेला व्रण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. युरोपच्या मानकात तो ४६० मायक्रॉनच्या आत हवा, अमेरिकेच्या ५२०. त्यात बसण्यासाठी कंपन्या डिझेलमध्ये वंगणाचं ॲडिटिव्ह घालूनच ते पाठवतात. पंपाच्या जुन्या दुरुस्त्यांच्या गोष्टी मधल्या काही वर्षांच्या आहेत. मानकाप्रमाणे आलेल्या डिझेलवर रोटरी पंप सुखानं चालतो. भेसळीच्या डिझेलवर कुठलाच पंप चालत नाही. रॉकेल मिसळलेलं डिझेल पातळही होतं आणि कोरडंही. पण तो दोष सरकारी बदलाचा नव्हे.

दुसरा बदल आला बायोडिझेलच्या, म्हणजे वनस्पती तेलावर अल्कोहोलची प्रक्रिया करून बनवलेल्या इंधनाच्या, मिश्रणाचा. आणि इथे एक गंमत आहे. बायोडिझेल मुळातच बुळबुळीत. एकदोन टक्के मिसळलं तरी कोरड्या डिझेलचं वंगण परत येतं. एका बदलानं पंपाचं जे हिरावलं, ते दुसऱ्यानं परत दिलं. माझ्या या गिऱ्हाइकाला पंपाची चिंता वाटत होती, आणि मिश्रण वाढत जाणार म्हणून दुप्पट चिंता वाटत होती. प्रत्यक्षात पंपापुरती बेरीज उलटी होती.

रबराची गोष्ट मात्र वेगळी. जुन्या पंपातले सील, ओ-रिंग नायट्राइल रबराचे. गंधक काढण्याच्या त्याच प्रक्रियेत डिझेलमधली ॲरोमॅटिक द्रव्यं, म्हणजे रबर फुगवणारा घटक, कमी होऊ शकतात. आधीचं डिझेल पिऊन फुगलेलं रबर मग आक्रसतं. नवं रबर आक्रसूनही जागा धरतं, वीस वर्षं तापून कडक झालेलं धरत नाही, आणि पंप पाझरायला लागतो. त्यावर बायोडिझेलचं प्रमाण जास्त झालं की ते नायट्राइल मऊही करतं. म्हणजे रबराच्या बाबतीत दोन्ही बदल एकाच बाजूला ओढतात. यावर उपाय आहे: फ्लुओरोकार्बन रबराचे, आम्ही ज्याला व्हायटन म्हणतो, ते सील. पूर्ण संच बसवायला पंप उतरवून एक दिवस. इंजिनाच्या आयुष्यात हा खर्च किरकोळ.

आता पहिली गाडी. सकाळी थंड इंजिन आम्ही सुरू केलं. विकणाऱ्याला आधी बजावलं होतं, आम्ही यायच्या आत स्टार्टर मारायचा नाही. दुसऱ्या फेऱ्यात उचललं, पांढरा धूर अर्धा मिनिट, मग साफ. इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, ब्रीदरमधून, वाफ नाममात्र. कॉम्प्रेशन सहाही सिलिंडरांत एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत. शाफ्टच्या सीलपाशी पंप ओला होता आणि रिटर्नचा पाइप वाकवला तर त्याला भेगा पडत होत्या. पंपाचं वरचं झाकण उघडून डिझेल पांढऱ्या फडक्यावर ओतलं. धातूची चमक नाही. हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. पंप आतून झिजत असेल तर फडकं कधी खोटं बोलत नाही.

जुना डिझेल फिल्टर कापून उघडला तेव्हा मात्र आत तपकिरी, बोटाला चिकटणारा गाळ निघाला. टाकीच्या तळाशीही तोच. ही पंचवीसएक वर्षांची कमाई. बायोडिझेल चांगलं विद्रावक असतं. टाकीच्या भिंतीला धरून बसलेलं हे सगळं ते सोडवून फिल्टरकडे पाठवणार, हे तिथेच दिसलं.

दुसरी गाडी दिसायलाही चांगली आणि आतूनही. खोटं कशाला बोला, पहिल्या तासाभरात माझं मन तिच्याकडेच झुकलं होतं. स्कॅनर लावला. डीपीएफमधली काजळी १९ टक्के. दोन रिजनरेशनमधलं, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळण्याच्या दोन वेळांमधलं, अंतर भरपूर, अर्धवट सुटलेली रिजनरेशन जवळजवळ नाहीत. इंजेक्टरांचं करेक्शन, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येकाच्या डिझेलमध्ये करतो ती दुरुस्ती, एकमेकांच्या जवळ. डिपस्टिकवर ऑइल बरोबर खुणेवर, डिझेलचा वास नाही. आधीच्या मालकानं ती लांबच्या रस्त्यावर, भरल्या मालानं पळवली होती, आणि ते प्रत्येक आकड्यात दिसत होतं.

मग वही आली.

चौदा दिवसांत इंजिन ९२ तास चाललं. त्यातले ५८ तास गाडी जागेवर उभी, पीटीओवर (इंजिनाची ताकद क्रेनला देणारा जोड) क्रेन किंवा नुसतीच आयडलिंग. उरलेल्या ३४ तासांत ६१० किलोमीटर. एका दमात चाळीस मिनिटांहून जास्त चाललेल्या फेऱ्या फक्त दोन.

ही वही बघितल्यावर डिझेलचा प्रश्न मागे पडला. नव्या गाडीची तब्येत उत्तम होती खरी, पण ती तब्येत आधीच्या मालकाच्या रस्त्याची होती. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळायला उष्णता लागते. चढणीवर भरलेली गाडी चालली की एक्झॉस्टचं तापमान अडीचशे-तीनशे अंशांच्या वर जातं आणि काजळी हळूहळू आपोआप जळते. ते नाही झालं तर कंट्रोल युनिट जादा डिझेल सोडून फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापवतं. आयडलिंगवर एक्झॉस्ट शंभर-दीडशे अंशांवर रेंगाळतो. युरियाची फवारणीसुद्धा साधारण दोनशे अंशांखाली नीट होत नाही. वाफ न झालेल्या युरियाचे पांढरे खडे नळीत धरतात.

विकणारा सज्जन होता, त्यानं गाडी तीन दिवस वापरायला दिली. क्रेन चढवणं शक्य नव्हतं, म्हणून पीटीओला लागतात तेवढे इंजिनाचे फेरे ठेवून, वहीतल्याच वेळा पाळून गाडी चालवली. तिसऱ्या दिवशी दुपारी काजळी ६४ टक्के. रिजनरेशन दोनदा सुरू झालं आणि दोन्ही वेळा मुक्कामाला पोचल्यावर इंजिन बंद केल्यानं तुटलं. उभ्या उभ्या रिजनरेशन करता येतं, तीस-चाळीस मिनिटं लागतात. पण बांधकामाच्या जागेवर शटरिंगची फळकुटं, भुसा आणि खाली वाळलेलं गवत असताना तापलेला सायलेन्सर घेऊन उभं राहायचं, हे त्यांना पटलं नाही. मलाही नाही.

आणि इथे इंधनाचा बदल पुन्हा दारात येतो, पण दुसऱ्या बाजूनं. डीपीएफ तापवण्यासाठी काही इंजिनं जळणाचा झटका संपल्यावर सिलिंडरमध्येच उशिरा डिझेल सोडतात. त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये जातं. साधं डिझेल इंजिन तापल्यावर बऱ्यापैकी उडून जातं. बायोडिझेलचा उत्कलनबिंदू वरचा आणि एकाच पट्ट्यातला, ते ऑइलमध्येच राहतं. रिजनरेशन वारंवार तुटत असेल तर पुन्हा पुन्हा सुरू होतं, दर वेळी थोडं डिझेल खाली, आणि डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढत जातं. ऑइल वाढलं म्हणून खूश होणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. ते पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला पुरत नाही.

म्हणजे "नवं डिझेल नव्या गाडीसाठी" ही समजूत अर्धी खरी. गंधक कमी असणं सेन्सरच्या गाडीला सक्तीचं. जास्त गंधकाचं डिझेल पडलं तर तिचे धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिस्ट मरतात. मिश्रण मात्र तिला, आणि तेही अशा थांबत-थांबत चालणाऱ्या कामात, जुन्या इंजिनापेक्षा जास्त जड जाऊ शकतं.

मधल्या काळात सल्ल्यांना तोटा नव्हता. एकानं सांगितलं, नवी घ्या आणि डीपीएफ आतून पोकळ करून टाका. हे बऱ्याच देशांत सरळ बेकायदेशीर आहे, आणि माझ्या शेडमध्ये होत नाही. दुसऱ्यानं सांगितलं, दर टाकीला थोडं टू-स्ट्रोक ऑइल घाला, पंप जन्मभर टिकेल. पंपाच्या गाडीत त्यानं फारसं बिघडत नाही, पैसे तेवढे जातात. सेन्सरच्या गाडीत, त्या ऑइलमध्ये धातूंची ॲडिटिव्ह असतील तर त्यांची राख डीपीएफमध्ये साठते. काजळी जळते, राख जळत नाही. ती काढायला फिल्टर उतरवावा लागतो.

मी पंपाची गाडी घ्या म्हणालो. सोबत एक कागद दिला, त्यावर दोन गोष्टी लिहून. एक, वहीतले आकडे उलटे झाले, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ गाडी लांब रस्त्यावर पळू लागली, तर हा सल्ला रद्द समजायचा. दोन, शहरांत जुन्या डिझेलवर बंदी येऊ शकते. लंडननं २००८ सालीच जड वाहनांसाठी कमी प्रदूषणाचा पट्टा आखला आणि २०२१ पासून तिथे युरो ६ या कडक प्रदूषण मानकाची अट लागली. असा नियम त्यांच्या रस्त्यावर आला तर मिस्त्रीला काही विचारण्यात अर्थ उरत नाही.

गाडी घेतल्यावर टाकी उतरवून धुतली. पंप बेंचवर चढवला, व्हायटनचे सील घातले, सहाही नोझलचं प्रेशर जुळवलं, रबरी पाइप सगळे बदलले. फिल्टरच्या आधी पाणी वेगळं करणारी काचेची वाटी लावली आणि सक्शनच्या नळीवर साधा व्हॅक्यूम गेज. हा गेज मी जवळपास प्रत्येक जुन्या गाडीला सुचवतो. फिल्टर तुंबायला लागला की काटा आठवडाभर आधी सांगतो. ॲडिटिव्हची बाटली मी सुचवली नाही.

त्यांच्या आवारात डिझेलचे दोन पिंप होते, उन्हात, अर्धवट भरलेले. ते मला पंपापेक्षा जास्त खटकले. बायोडिझेल मिसळलेलं डिझेल हवेतलं पाणी धरतं, पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढतात, तांब्या-पितळेचा संपर्क आला तर ते लवकर खराब होतं. सात टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणालासुद्धा सहा महिन्यांच्या आत वापरा म्हणतात. एक पिंप विकून टाकायला लावला, दुसरा सावलीत, काठोकाठ भरलेला.

पहिल्या दोन महिन्यांत दोन फिल्टर गेले, ते अपेक्षितच होतं. चौथ्या महिन्यात पुरवठादारानं मिश्रण वाढवलं आणि क्रेन भार उचलताना इंजिन खाली बसायला लागलं. त्यांचा फोन आला तो थेट निकालासह: "पंप गेला." गेज किती दाखवतंय विचारलं. काटा लाल पट्ट्यात. टाकी धुतली होती, पण टाकीतून वर येणाऱ्या नळीच्या टोकाची जाळी मी काढून बघितली नव्हती. ती चूक माझी. जाळी काळ्या पापुद्र्यानं बुजली होती. जाळी साफ, फिल्टर नवा, एअर काढली, गाडी पूर्ववत. पंपाला हात लावावा लागला नाही.

नंतर एका मोठ्या कामावर ठेकेदारानं अट घातली, आत येणाऱ्या प्रत्येक गाडीत नूतनक्षम डिझेलच भरायचं. हे बायोडिझेल नव्हे. वनस्पती तेलांवर हायड्रोजनची प्रक्रिया करून बनवतात, त्याला एचव्हीओ म्हणतात. ॲरोमॅटिक जवळजवळ शून्य, सीटेन (किती चटकन पेटतं ते सांगणारा आकडा) सत्तरच्या वर, पण घनता ७८० किलो प्रति घनमीटरच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या डिझेलपेक्षा हलकं. पंप लिटरनं मोजतो, वजनानं नाही. त्यामुळे त्याच ॲक्सिलरेटरवर इंजिनाला चार-पाच टक्के ऊर्जा कमी मिळते. चढावर त्यांना ते जाणवलं. सुरू होणं मात्र इतकं गुळगुळीत झालं, की आवाज ऐकून त्यांना वाटलं मी टायमिंग बदललंय. जुनं नायट्राइल असतं तर या ॲरोमॅटिक नसलेल्या डिझेलवर पंप नक्की पाझरला असता. नवे सील कोरडे राहिले.

या प्रकरणाचा एक हिशोब मात्र माझ्या कागदावर नव्हता. एचव्हीओनं धूर कमी केला, थांबवला नाही. जुन्या इंजिनाची काजळी अडवायला काहीच नाही, आणि क्रेनचं काम म्हणजे गाडीपासून चार पावलांवर दोरी धरून उभी असलेली माणसं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. बंद गोदामातल्या एका कामाला ठेकेदारानं गाडी दारातूनच परत पाठवली. गृहस्थ माझ्यावर रागावले, आणि मला त्यांचं चुकीचं वाटलं नाही. पंप, सील, फिल्टर सगळं तोलताना तो धूर कोण घेणार हे मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून त्यांनी एक केलं: दोन उचलींच्या मध्ये पाच मिनिटांहून जास्त वेळ जाणार असेल तर इंजिन बंद, आणि सायलेन्सरचं तोंड वर काढून केबिनच्या उंचीपलीकडे नेलं. आयडलिंगचे तास बरेच कमी झाले.

दीड वर्षानंतर ते न सांगता नवी वही घेऊन आले. आता दुसऱ्या गावांची कामं मिळायला लागली आहेत, सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या फेऱ्या. चौदा दिवसांत ८८ तास, त्यातले जागेवर फक्त ३१. कागदावरची पहिली अट लागू झाली होती. ती नव्या मॉडेलची गाडी अजून आहे का, हे मी लगेच फोन करून विचारलं. विकली गेली होती. तशीच दुसरी शोधतो आहोत. या वेळी रिजनरेशनच्या नोंदींबरोबर डिपस्टिकचा फोटोही मागवतोय, सलग तीन आठवड्यांचा.